सहासष्ट नंबरची खोली

ज्या लेखनाचं रसग्रहण करायला बसलो आहे त्याचे लेखक दोन, पानं चौतीस, प्रकाशन मार्च १९९७ चं आणि वाचक बहुतेक यंत्रं. माणसं ते वाचतात ती काहीतरी बिघडल्यावर. मीही असाच बिघाडातून त्याचा वाचक झालो. अमरावतीच्या राजापेठेत राहतो, दवाखाने, दुकानं, पतसंस्था यांच्याकडची नेटवर्कची आणि इंटरनेटवरून बोलणाऱ्या टेलिफोनांची कामं घेतो. एम.ए. मराठीत केलं होतं. त्याचा उपयोग एरवी नातेवाइकांच्या लग्नपत्रिका तपासण्यापुरता. या चौतीस पानांनी ती पदवी पुन्हा कामाला लावली.

लेखनाचं नाव 'आरएफसी २१३२'. आरएफसी ही इंटरनेटच्या नियमपत्रांची मालिका १९६९ पासून चालू आहे. 'अभिप्राय मागवीत आहोत' एवढाच तिच्या नावाचा अर्थ, पण असं मवाळ नाव घेऊन आलेली ही पत्रं सगळं जग निमूट पाळतं. २१३२ ला एक थोरलं भावंड आहे, २१३१, त्याच महिन्यात निघालेलं. ते राल्फ ड्रॉम्स यांनी एकट्याने लिहिलं; धाकटं स्टीव्ह अलेक्झांडर आणि ड्रॉम्स या जोडीचं. नव्याने जोडलेल्या यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता कसा मिळावा, हे थोरलं सांगतं. या रीतीला डीएचसीपी म्हणतात. पत्त्यासोबत त्या यंत्राच्या ओटीत आणखी काय काय घालता येईल, हे धाकटं सांगतं. थोरलं म्हणजे पूजेचा विधी, धाकटं म्हणजे साहित्याची यादी. विधी सगळे ऐकतात, यादी कुणी मन लावून वाचत नाही. माझ्या मते या घरात धाकटंच अधिक गुणी आहे.

आधी प्रसंग समजून घेऊ. नवा फोन भिंतीतल्या सॉकेटला जोडला. कारखान्यात कोरलेला आपला यंत्रक्रमांक तेवढा त्याला ठाऊक. गाव, गल्ली, घर यांपैकी काही नाही. बडनेरा जंक्शनवर अपरात्री उतरलेल्या परक्या माणसाला निदान फलाटावरची पाटी वाचता येते. याला पाटीही नाही. म्हणून तो हाक मारतो. पाठवणाऱ्याच्या जागी चार शून्यं, घेणाऱ्याच्या जागी चारदा २५५, म्हणजे ज्याला ऐकू येईल तो. 'कुणी आहे का?' पत्ते वाटणारा सर्व्हर म्हणतो, 'हा पत्ता आहे, चालेल का बघ.' फोन म्हणतो, 'हाच द्या.' सर्व्हर म्हणतो, 'दिला.' संपला संवाद. यातलं तिसरं वाक्य मला फार आवडतं. पत्ता देणारा आता माहीत झालेला असूनही फोन ते वाक्य साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतो, आणि कुणाचा पत्ता घेतला हे त्यात सांगतो. आणखी कुणी पत्ता देऊ केला असेल तर त्याला आपोआप कळतं की आपलं स्थळ नाकारलं, राखून ठेवलेली जागा मोकळी करावी. एकाला दिलेला होकार हाच बाकीच्यांना नकार. वधूवर सूचक मंडळांनी हा शिष्टाचार उचलावा असा आहे.

संवादाचा कागद मात्र जुना आहे. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी 'बूटपी' नावाची अशीच एक रीत घालून दिली होती. ड्रॉम्स यांनी तिची चौकट मोडली नाही, जुन्याच छापील फॉर्मवर नवा मजकूर भरला. त्या फॉर्मात पत्त्यांच्या चार चौकटी आहेत. पहिलीत मागणारा स्वतःचा पत्ता लिहितो, असला तर. दुसरीचं नावच 'तुझा पत्ता' असं आहे आणि ती देणारा भरतो. तिसरीत पुढे ज्याच्या दारी जायचं त्याचा पत्ता, चौथीत वाटेतल्या निरोप्याचा. मी, तू, तो आणि मधला. व्याकरणातले तिन्ही पुरुष एका सरकारी दिसणाऱ्या फॉर्मवर ओळीने बसलेले मी प्रथम पाहिले तेव्हा वर्गात बसल्यासारखं वाटलं होतं.

चौकटी संपल्या की २१३२ चं राज्य सुरू होतं. आरंभी चार आकडे: ९९, १३०, ८३, ९९. त्यांना 'जादूची खूण' म्हणतात. हेच चार का, याचा खुलासा लेखक करत नाहीत. पत्राच्या माथ्यावर 'श्री' का, हे तरी कोण सांगतं? ती दिसली की पुढचा मजकूर आपल्या माणसाचा आहे एवढं कळतं. त्यानंतर एकेक सूचना येते, तिला इथे 'ऑप्शन' म्हणतात. तिची घडण ठरलेली: आधी क्रमांक, मग लांबी, मग मजकूर. तीन नंबर म्हणजे गावाबाहेर जायची वाट, सहा नंबर म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, बारा नंबर म्हणजे यंत्राचं नाव. लांबीला एकच बाइट, म्हणून कुणीही २५५ अक्षरांपेक्षा जास्त बोलायचं नाही. सभासंमेलनांना हा नियम लावता आला असता तर!

या साऱ्यांत दोघांनाच लांबीही नाही आणि मजकूरही नाही. शून्य आणि दोनशे पंचावन्न. २५५ म्हणजे समाप्ती, पोथीच्या शेवटचं 'इति'. शून्य हा निव्वळ भरणा: पुढची सूचना ठरलेल्या मापावर सुरू व्हावी म्हणून मधली रिकामी जागा तो भरतो, स्वतः काही सांगत नाही. संस्कृत श्लोकात च, वै, तु, हि ही अव्ययं पाद पुरा करायला घालतात, तसा हा पादपूरक. नियमपत्र लिहिणाऱ्या दोन अमेरिकी गृहस्थांना वृत्ताची अशी निकड वाटावी, हे वाचून मला त्यांच्याबद्दल आपुलकीच वाटली.

आमच्या जिल्ह्याला सूत्रांचं वावडं नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या आणि त्यातली वचनं वेचून पुढे केसोबासांनी सूत्रपाठ बांधला. प्रसंगातून उचललेलं वचन अगदी आटोपशीर होतं, पण ते कुणाला, कधी, कशावरून म्हटलं हे ठाऊक नसेल तर वाचणारा अडखळतो. म्हणून सूत्रामागे भाष्य येतं आणि भाष्यांची मग भांडणं होतात. २१३२ मधल्या सूचनांचं अगदी हेच झालं आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्यांची जाडजूड माहितीपुस्तकं ही त्यांवरची भाष्यं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

सूचनांची यादी मी एकदा रात्री सलग वाचून काढली. ते एक संग्रहालयच आहे. फिंगर सर्व्हर, गप्पांचा आयआरसी सर्व्हर, एक्स विंडोच्या अक्षरवळणांचा सर्व्हर, इम्प्रेस नावाचा छपाईचा सर्व्हर. आठ नंबर तर सुविचार पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता सांगायला राखून ठेवला आहे. शाळेच्या फळ्यावर रोज एक लिहितात तसा. हे सारे आज कुठे असतील ते असोत, त्यांच्या खोल्या मात्र त्यांच्या नावावर शाबूत आहेत. या भल्यामोठ्या वाड्यात टेलिफोनला एकही खोली नाही. १९९७ साली असा फोन लेखकांच्या डोळ्यांसमोर नव्हता. हे फोन आज ज्या सिप या बोलीत बोलतात, तिचं पहिलं नियमपत्रसुद्धा मार्च १९९९ चं. मग आज जगभरचे फोन जी चौतीस पानं विचारून जागे होतात, त्यांत ते राहतात कुठे?

बहुतेक सगळे सहासष्ट नंबरच्या खोलीत.

या खोलीची कथा नवव्या प्रकरणात आहे आणि माझ्या लेखी तो या लेखनाचा सर्वांत सुंदर तुकडा आहे. जुन्या बूटपीच्या फॉर्मात दोन ऐसपैस चौकटी होत्या: एक ६४ बाइटांची, सर्व्हरच्या नावासाठी, दुसरी १२८ बाइटांची, यंत्राने जागं होताना जी फाइल वाचायची तिच्या नावासाठी. त्या बऱ्याचदा रिकाम्या राहत. पुढे सूचना वाढल्या, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा लेखकांनी मुभा दिली की लागलं तर सूचनांनी या दोन चौकटीही वापराव्यात. तसं केल्याची कबुली द्यायला बावन्न नंबरची सूचना ठेवली. पण चौकटीत पाहुणे उतरले, तर ज्याची ती चौकट त्या सर्व्हरच्या नावाने जायचं कुठे? त्याच्यासाठी मागे खोली बांधली, तीच ही सहासष्ट. फाइलच्या नावासाठी शेजारची सदुसष्ट. घरी लग्नघाई असली की ओसरीवर पाहुण्यांची पथारी पडते आणि आजोबांची खाट मागच्या खोलीत जाते, तशी ही तजवीज. मुळात तात्पुरती. ओसरी रिकामी असेल तर या खोलीची गरजच नाही.

फोन बनवणाऱ्यांनी यातली अट वाचली नाही, खोली तेवढी पाहिली. ओसरी रिकामी पडलेली असो की भरलेली, त्यांचे फोन थेट सहासष्टचं दार ठोठावतात आणि विचारतात, 'माझी सेटिंगची फाइल कुणाकडे आहे?' त्या फाइलमध्ये फोनचा एक्स्टेन्शन क्रमांक, त्याचा पासवर्ड, बटणांची मांडणी, सारं असतं. फाइल मिळाली की फोनला वाचा फुटते. खोलीचं अधिकृत नाव टीएफटीपी सर्व्हरचं नाव. टीएफटीपी म्हणजे फाइल पोचवण्याची अगदी साधी, पासवर्ड न विचारणारी रीत. आजचे पुष्कळ फोन तिथे सरळ वेबचा पत्ता लिहिला तरी गोड मानून घेतात, आणि ते बरंच आहे. कुलूप नसलेल्या रीतीने पासवर्ड पाठवणं म्हणजे घराची किल्ली पोस्टकार्डाला चिकटवून टाकण्यासारखं. मी कुलूपबंद वेबपत्ताच घालतो.

या खोलीत मजकूर लिहायचा तो अक्षरांत. आमच्याकडच्या राऊटरवर तो एकेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मी ती चिन्हं विसरलो आणि दिवसभर फोनला दोष देत बसलो. मराठीचा एम.ए. आणि अवतरणचिन्ह विसरला! ही गोष्ट घरी अजून सांगितलेली नाही.

शुद्धलेखन पाळणारे म्हणतील, फोनसाठी पुढे रीतसर घर बांधलंच की. खरं आहे. ऑगस्ट २००२ मध्ये हेनिंग शुल्झरिन यांच्या आरएफसी ३३६१ ने सिप सर्व्हरच्या पत्त्यासाठी १२० नंबर दिला. घर देखणं आहे, पण त्याने भागत नाही. बोलायचं कुणामार्फत एवढं ते सांगतं; तू कोण, तुझा क्रमांक काय, तुझी गुप्त खूण काय, हे सांगत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या फोनांना १२० पेक्षा ६६ चाच ओढा अधिक. लोक नव्या बसस्थानकाऐवजी जुन्या पिंपळाखाली गाडीची वाट पाहतात, तसं.

सगळेच सहासष्टमध्ये मावले नाहीत. २१३२ ने १२८ ते २५४ हे आकडे मोकळे सोडले होते: ज्याने त्याने आपल्या आवारात हवे तसे वापरावेत. वऱ्हाडातल्या वाचकाला मोकळी नझूल जागा म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. कंपन्यांनी तिथे आपापली घरं उठवली. सिस्को १५० वर राहायला गेली. तिची अडचण तशी रास्त होती: सहासष्टमध्ये नाव असतं, आणि नावाचा पत्ता काढायला आणखी कुणाला तरी विचारावं लागतं, १५० मध्ये थेट पत्त्यांची यादी देता येते, पहिला सर्व्हर बंद असला तर दुसरा. अवायाच्या जुन्या फोनांनी १७६ धरला, नव्यांनी २४२. पॉलिकॉमचे फोन आधी १६० चं दार वाजवतात, मग ६६ चं. शोअरटेल १५६ वर. आकडा जगभर एकच, मालक निराळे.

हे पसरत गेलं तेव्हा नोव्हेंबर २००४ मध्ये बर्नी व्होल्झ यांचं आरएफसी ३९४२ निघालं. १२८ ते २२३ हे आकडे सार्वजनिक ताब्यात घेतले आणि जाहीर केलं की ज्यांनी तिथे आधीच बांधकाम केलं असेल त्यांनी सहा महिन्यांत येऊन सांगावं आणि वापर लेखी नोंदवावा. खासगी वापराला उरले २२४ ते २५४. वाचताना मला आपला २००१ चा गुंठेवारी कायदा आठवला. तोच सूर: झालं ते झालं, आता नकाशावर तरी या. आकड्यांचा सातबारा आयाना या संस्थेकडे असतो. तो उघडून १२८ नंबर पाहा. एकाच गटावर टेलिफोनचं सॉफ्टवेअर देणारा सर्व्हर, केबल मोडेमची सुरक्षा, इथरबूटची खूण असे कितीतरी हक्कदार. १३२ वर फोनसाठी वेगळ्या मार्गिकेचा, म्हणजे व्हीलॅनचा, क्रमांक, १३३ वर त्या मार्गिकेतला मान. १५० ची रीतसर नोंद तर जून २०१० मध्ये, आरएफसी ५८५९ ने झाली. तोवर त्या पत्त्यावर कित्येक फोन वर्षानुवर्षं नांदत होते.

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. जाणकार या गोंधळाबद्दल नाकं मुरडतात. मला त्यात मूळ लेखनाचा मोठेपणा दिसतो. आपल्याला सगळं ठाऊक नाही हे ज्या लेखकाला कळतं, तो मोकळी जागा सोडून लिहितो. सुविचारांच्या सर्व्हरसाठी नेमकी खोली बांधणारे हे दोघे टेलिफोनच्या बाबतीत चुकले नाहीत, कारण त्यांनी अंगण सोडलं होतं.

त्रेचाळीस नंबर ही आणखी एक खुबी. तो कंपनीच्या खासगी मजकुरासाठी आहे. आत काय लिहायचं ते कंपनीने ठरवावं, इतरांनी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नये. ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो मिळावा म्हणून फोन आधी साठ नंबरमध्ये आपलं कुळ सांगतो, मी अमक्या घराण्याचा. मग सर्व्हर त्या कुळाचा मजकूर त्रेचाळीसमध्ये गुंडाळून देतो. मधल्या माणसाला दिसतात ते नुसते आकडे. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, त्या पंथाबाहेरच्याला वर्षानुवर्षं उमगल्या नाहीत. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. मी राजवाडे नव्हे, पण एकदा एका बंद पडलेल्या कंपनीच्या फोनचा त्रेचाळीस नंबर कागदावर आकडे मांडून सोडवला होता. आत जे निघालं तो एक साधा पत्ता. एवढ्यासाठी एवढी लपवाछपवी!

पंचावन्न नंबरबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात फोन आपल्याला काय काय हवं त्याची यादी देतो, आवडीच्या क्रमाने. हे त्याचे डोहाळे. सर्व्हरने सगळे पुरवलेच पाहिजेत असं नाही. पण कुठलं यंत्र काय मागतं यावरून जुना माणूस त्याची जात ओळखतो.

फोन बहुधा त्याच वायरवर संगणकाच्या शेजारी राहतो, म्हणून बोलण्याला अडथळा नको या हेतूने त्याची मार्गिका वेगळी ठेवतात. ही मार्गिका तरी त्याला कशी कळावी? पहिल्यांदा तो संगणकांच्याच मार्गिकेत जन्मतो, पत्ता घेतो, १३२ किंवा कंपनीच्या खासगी सूचनेत वाचतो की तुझी मार्गिका वीस. मग मिळालेला पत्ता परत करतो आणि नव्या मार्गिकेत पुन्हा पहिल्यापासून हाक मारतो. पुन्हा चार शून्यं, पुन्हा 'कुणी आहे का?' संस्कृतात दोनदा जन्मणाऱ्याला द्विज म्हणतात. दात द्विज, पक्षी द्विज. त्या यादीत हा फोन बसवायला हरकत नसावी. हल्ली एलएलडीपी नावाच्या रीतीने स्विचच त्याला आधी मार्गिका सांगून टाकतो, त्यामुळे दुसरा जन्म टळतो. सोय झाली, कथा गेली.

आता एकावन्न नंबर. इथे वऱ्हाडी माणसाने थांबलंच पाहिजे. एकावन्न म्हणजे पट्ट्याची मुदत. मिळालेला पत्ता फोनच्या मालकीचा होत नाही, मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो, आणि मुदत सेकंदांत मोजतात. निम्मी मुदत सरली की फोन मालकाकडे गुपचूप जाऊन वाढवून मागतो. मालक भेटला नाही तर सात अष्टमांश मुदतीला तो गावभर ओरडतो, कुणीही वाढवून द्या. तरीही कुणी ओ दिली नाही आणि मुदत संपली, तर त्या क्षणी पत्ता सोडायचा. चालू बोलणं तुटलं तरी. कूळ इतकं प्रामाणिक असेल अशी अपेक्षा आमच्याकडे कुणी ठेवत नाही.

या आकड्याला चार बाइट दिले आहेत. त्यात सुमारे १३६ वर्षांपर्यंतची मुदत बसते. पण सगळे बिट एक केले, म्हणजे आकडा भरून वाहिला, की त्याचा अर्थ बदलतो: अनंत. कायमचा पट्टा. हे वाक्य वाचलं आणि मी उठून खिडकीपाशी गेलो. मी ज्या जमिनीवर उभा आहे तिचा असाच एक कायमचा पट्टा झालेला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं, तेव्हापासून इंग्रजी दफ्तरात या मुलखाचं नाव होतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', नेमून दिलेले जिल्हे. पत्ता नेमून देण्याच्या क्रियेलाही आमच्या धंद्यात 'असाइन'च म्हणतात. पुढे १९०२ मध्ये कर्झनच्या काळात करार झाला: वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, खंड सालीना पंचवीस लाख रुपये. अमरावती, अकोला, सगळं त्यात. १९३६ साली करार नव्याने लिहावा लागला आणि १९४७ नंतर पट्टा घेणाराही राहिला नाही, थोड्या वर्षांत देणाराही. अनंताचं आयुष्य अर्ध्या शतकाच्या आत आटोपलं.

म्हणून मी फोनला अनंत मुदत कधी देत नाही. यंत्रक्रमांकाशी बांधून पत्ता राखून ठेवतो, तोच पत्ता त्याला दर वेळी मिळेल, पण मुदत एक दिवसाची. दिवसातून एकदा तरी कुळाने दारात यावं, म्हणजे बदललेलं काही असेल ते त्याच्या कानावर घालता येतं. २१३१ लाही हा मार्ग मान्य आहे. त्याने कायम, मुदतीचा आणि हाताने नेमलेला असे तीन प्रकार सांगितले आहेत.

ज्या सकाळी मी या लेखनाकडे रसिक म्हणून वळलो, तिची हकिकत आता सांगायला हवी. राजापेठच्याच एका खासगी दवाखान्यातून फोन आला, तोही मोबाइलवर.

"साहेब, सारेच फोन येडे झाले. कोनाचीच घंटी नाई वाजून राह्यली."

"लाइट गेली होती का भाऊ?"

"नाई जी. रातीपासूनच असं व्हय. मले तं काईच समजून नाई राह्यलं."

गेलो. वीसेक फोन, पडद्यांवर पत्ता होता, पण आमच्या वहीतला नाही. कुणा परक्याने दिलेला. खोलीमागून खोली धुंडाळत औषधांच्या काउंटरमागे पोचलो. तिथल्या पोराने मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राऊटर भिंतीत खोचला होता. त्या राऊटरलाही पत्ते वाटायची सवय. मध्यरात्री वीज क्षणभर लचकली असावी. फोनांनी उठून हाक मारली आणि आमच्या सर्व्हरच्या आधी या पठ्ठ्याने ओ दिली. बसस्थानकावर उतरल्या उतरल्या जो एजंट बॅग धरतो, त्याच्याच लॉजवर पाहुणा गेला. लॉजवाल्याकडे सहासष्ट नंबरची खोलीच नव्हती, म्हणून फोन पत्ता असून मुके.

हा दोष लेखनाचा, की वाचणाऱ्याचा? २१३१ म्हणतं, फोनने थोडा वेळ थांबून आलेली सगळी स्थळं जमवावीत आणि मग निवडावं. कोणत्या कसोटीवर निवडावं, हे ते त्याच्यावर सोपवतं, आणि फोन पहिल्यावरच भाळतो. ड्रॉम्स यांनी हे लपवलेलं नाही. सुरक्षेच्या परिच्छेदात ते सरळ मान्य करतात की ही रीत आज आहे तशी बरीच असुरक्षित आहे. ओळख पटवायची सोय २००१ मध्ये आरएफसी ३११८ ने केली. मी ती प्रत्यक्षात वापरलेली कुठे पाहिलेली नाही. आम्ही स्विचलाच सांगून ठेवतो की पत्ते वाटायचा हक्क फक्त या एका दारातून आलेल्याला, बाकी कुणी बोललं तर ऐकायचं नाही. ते त्या दवाखान्यात करायचं राहून गेलं होतं. चूक माझी होती.

राऊटर उपटला, फोन जागे झाले. आठ वाजले होते. पडद्यांवर अडीच. नर्सताई माझ्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहू लागल्या, कारण औषधाच्या नोंदी त्या फोनवरची वेळ बघून करत. घाईघाईत सूचना नव्याने भरताना मी दोन नंबरची सूचना विसरलो होतो. हा नंबर ग्रीनिच वेळेपासूनचं अंतर सांगतो आणि तेही सेकंदांत. भारतासाठी १९८००. लेखकांनी तास हे माप धरलं असतं तर साडेपाच लिहायचं कसं? जगातल्या बहुतेक देशांचं पूर्ण तासावर भागतं; अर्ध्या तासाचे आपण थोडे. सेकंद निवडून त्यांनी न बोलता आपल्याला सामावून घेतलं. एवढंच काय, मुंबईने १९५५ च्या सुमारापर्यंत हट्टाने जपलेली ४ तास ५१ मिनिटांची स्वतःची वेळसुद्धा त्यात बसते: १७४६०. २००७ मध्ये आरएफसी ४८३३ ने हा आकडा बाजूला सारून प्रदेशाच्या नावाने वेळ सांगायची सोय केली. आपल्यासाठी ते नाव 'आशिया/कोलकाता'. अमरावतीच्या दवाखान्यात कोलकाता लिहायचं माझ्या जिवावर येतं, आणि माझ्याकडचे फोन अजून जुना आकडा आनंदाने ऐकतात. मी १९८०० भरला. मिनिटाभरात सगळे पडदे आठ वाजून बारा मिनिटांवर आले.

हे लेखन इंटरनेटवर फुकट मिळतं, नोंदणी करावी लागत नाही. आरएफसी २१३२. इंग्रजी रूक्ष वाटलं तर पहिली पानं सोडून द्या आणि थेट नवव्या प्रकरणाचा चौथा परिच्छेद काढा. दोन ओळींचा आहे, सहासष्ट नंबरच्या खोलीचा.